हिरव्या काठाचे लंगोट

मिलमध्ये जाड्या तांदळाच्या पोत्याचं तोंड लाल सुतळीने शिवतात, बारीकचं हिरव्या. एकदा शिवलं की आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. सुतळी बघायची आणि थप्पीला लावायचं.

सोनिकाची आई तिच्या लग्नाआधीच गेली. आईची तीन लुगडी तिलकने, म्हणजे सोनिकाच्या भावाने, कोणाला दिली नाहीत. डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत ठेवली.

पोती मोजताना एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार.

शामकलाबाईला पडून राहिलेलं काही बघवत नाही. कोणाकडे भात उरला की ती मागून नेते, वाळवते, तळते आणि ज्याचा त्याला डबाभर परत आणून देते. वर म्हणते, फेकायले आला होता का?

तान्ह्या लेकराचं फडकं दिवस बुडल्यावर अंगणात राहू द्यायचं नाही.

पौषात आमगावकडे धुकं पडतं ते तळ्यांवरून येतं आणि येताना घाईत नसतं. दुपारच्या जेवणापर्यंत बांधावर बसून राहतं. त्या दिवसांत काहीच वाळत नाही. शेणाच्या गोवऱ्या नाहीत, धान नाही, केस नाहीत.

*

दोन हजार सहा सालचा जानेवारी. ओमेश्वर बिसेन आमगावच्या एका राइस मिलमध्ये पोती मोजायचा. त्याचं गाव जवळच होतं, सायकलने सकाळी जायचा, दिवस बुडायच्या आत घरी. घरी आई मुन्नीबाई, बायको सोनिका, आणि पंधरवड्यापूर्वी गोंदियाच्या दवाखान्यात सिझरने झालेल्या दोन मुली. बाप मनीराम मळणीपासून वावरातच झोपायला होता, रानडुकरांच्या पायी.

मुलींची नावं अजून ठेवायची होती. तोवर थोरली आणि धाकटी. थोरली सव्वादोन किलोची. धाकटी दीड किलोची, सोललेल्या सशासारखी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. चमच्याने दूध गिळायला लागली, तेव्हाच सोडलं.

घरी आल्यावर सोनिकाला ताप चढला आणि खोकला लागला. गावची गीताबाई सिस्टर सायकल भिंतीला टेकवून आत आली, दोघी मुलींना झोळीच्या काट्यावर टांगलं, आणि पाय पसरून खाली बसली.

"हे बघ ओमेश्वर. धाकटीला अंगावर ओढता येत नाही. सोनिकाने दूध वाटीत काढायचं, तुझ्या आईने आतल्या खोलीत गोरसीजवळ बसून चमच्याने पाजायचं. सोनिकाला खोकला आहे, तोवर धाकटी तिच्यापासून लांब. थोरलीला अंगावर पाजायचं, तोंडाला पदर बांधून, आणि पाजून झालं की परत न्यायचं."

"बरं," ओमेश्वर म्हणाला.

"आणि दूध आत किती गेलं ते मला कोणी सांगू नका. सगळ्या आज्या म्हणतात वाटीभर पेली. बाहेर किती आलं ते सांगा. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत धाकटीचे सहा लंगोट तरी ओले झाले पाहिजेत. थोरलीचं सोडा, ते म्हशीचं वगार आहे."

"नजर नको लावू बाई," मुन्नीबाईने पाठीमागून हटकलं.

"सहाच्या खाली गेले तर माझी वाट पाहू नका. मी आता पोलिओच्या ड्यूटीवर, गावंच्या गावं पालथी घालायची आहेत. सरळ गोंदिया. समजलं?"

समजलं. गोरसी तेवढ्यात मुन्नीबाईने आणून ठेवली होती. मातीची पसरट शेगडी, वर राख, राखेखाली निखारे. तिच्याशेजारी कापसात गुंडाळलेली धाकटी. दिसत होतं ते फक्त नाक.

*

पहिल्या दोन दिवसांत घरात जे चाललं होतं, ते असं:

"इले पाजलं का?" मुन्नीबाई विचारायची.

"आत्ताच तं पाजलं," शामकला म्हणायची. ती शेजारची. मालीश, आंघोळ आणि धुणं तिच्याकडे.

"इले का तिले?"

"जे रडून राहिली होती तिले."

"रडून तं दोघी राहिल्या होत्या."

"मंग दोघीयले पाजलं असन. मले का आठवते, बाई? इकडून हागते, तिकडून मुतते, मधात मी."

रविवारी तिलक आला. पेटीतली तीन लुगडी घेऊन आला. नवं कापड लेकराच्या अंगाला लावत नाहीत, टोचतं. जुनं, शंभर वेळा धुतलेलं, हाताला पाण्यासारखं लागणारं पाहिजे. सोनिकाने खाटेवरूनच लुगड्यांवरून हात फिरवला. तिन्ही हिरव्या काठाची. दोन काढून दिली, एक उशाखाली ठेवून घेतलं. मुन्नीबाईने आपली दोन काढली, ती लाल काठाची. शामकलाने दातात धरून टरटर फाडली. प्रत्येक तुकड्याला काठाची एकेक पट्टी राहिली.

आणि तिथेच ओमेश्वरला सुचलं. त्याला ते इतकं सोपं, इतकं बिनचूक वाटलं की तो उभ्या उभ्या हसला.

"लाल थोरलीचे. हिरवे धाकटीचे. दोन गठ्ठे, दोन दोऱ्या. पेरूपासून गोठ्यापर्यंत लालची, गोठ्यापासून न्हाणीपर्यंत हिरव्याची. धुतला की आपापल्या दोरीवर. ओला झाल्याशिवाय धुवायला जात नाही, म्हणजे दोरीवर जेवढे तेवढा हिशेब. कोणी काही लक्षात ठेवायचं काम नाही."

"मिल घरात घेऊन आला का रे?" मुन्नीबाई म्हणाली. "उद्या पोरीयचे तोंडं शिवशील सुतळीनं."

शामकला खदखदून हसली. तिलकही हसला. आतून सोनिकाचा खोकला आला, त्यातही थोडं हसू होतं.

दुधासाठीही त्याने एक तजवीज केली होती. दोन वाट्या, आणि चिंचोके. पाजलं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. ते दीड दिवस टिकलं. मुन्नीबाई दूध पाजायला बसली की आधी चिंचोका टाकायची आणि मग चमचा उचलायची. धाकटीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून दूध गळ्याखाली जायचं, चिंचोका मात्र वाटीत गेलेला असायचा.

"माय, हे पेली कुठं?"

"मी तं पाजलं ना. तिनं नाही गिळलं तं माहा काय दोष?"

म्हणून चिंचोके गेले. दोरी राहिली. सिस्टरही तेच म्हणाली होती, बाहेर किती आलं ते सांगा.

*

लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा.

संध्याकाळी सायकल लावायच्या आधी तो हिरव्या दोरीपाशी जायचा. बोट लावत लावत मोजायचा, जसं थप्पीला मोजतात. सोनिकाच्या खोलीची खिडकी दोरीकडे उघडत होती. आतून आवाज यायचा.

"किती?"

"सहा. एक बालटीत आहे. सात."

"मंग ठीक आहे?"

"ठीक आहे."

मग मुन्नीबाई अंधार पडायच्या आत सगळे लंगोट ओच्यात गोळा करून आत न्यायची. दोरी रिकामी.

खिडकीतून सोनिकाला एवढंच दिसायचं: दोरी, तिच्यावरचे हिरवे काठ, आणि नवऱ्याचं बोट. पलीकडच्या खोलीत आपलं दीड किलोचं लेकरू आहे हे तिला याच्यावरून कळायचं. दिवसातून कितीदा तरी ती दूध वाटीत काढून द्यायची. काढताना रडू यायचं, इतकं दुखायचं. वाटी उंबऱ्यापलीकडे जायची आणि रिकामी परत यायची.

मिलमध्ये दुधराम हमालाने विचारलं, "काय ओमेश्वरभाऊ, दोन पोतं उतरले म्हणे? कोणतं हलकं?"

"हिरव्या सुतळीचं," ओमेश्वरने सांगितलं, आणि स्वतःच्या गमतीवर त्याला बरं वाटलं.

मग धुकं पडलं.

*

दिसलं ते:

धुक्याच्या पहिल्या दिवशी हिरवे सात. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी नऊ. ओमेश्वरने पुन्हा मोजले, या टोकाकडून. नऊच. दोरीला झोल आला होता. लाल दोरीवर तीन-चार गारठून लोंबत होते, पण थोरलीची काळजी कोणाला होती? ती तर हंबरायची. धाकटी मात्र आता रडतसुद्धा नव्हती. मुन्नीबाई आल्यागेल्याला सांगायची, अशी शहाणी पोर पाहिली नाही, ठेवली तिथं राहते, कोणाले तरास नाही. शामकला म्हणायची, गरमी लागली ना गोरसीची, आता अंग धरन.

ओमेश्वर आमगावच्या बाजारातून पावशेर बालूशाही घेऊन आला. खिडकीतून आत दिली.

"किती?" सोनिकाने विचारलं.

"नऊ! थोरलीच्या वर गेली तुझी लेक."

सोनिकाने बालूशाही हातात तशीच धरली. "तिचा आवाज नाही येत जी."

"झोपते. गरम आहे तिथं."

"पहले चमचा वाटीले लागला की कुरकुरायची. मले इथं ऐकू यायचं. कालपासून चमचाच वाजते नुसता."

"मोठी होऊन राहिली, म्हणून नाही रडत."

"मले बरोबर नाही वाटून राहिलं. गोंदियाले दाखवून आणू. मी चालतो ना, टाके नाही दुखत आता."

"कोणत्या गाडीत नेशील? काळीपिवळीत? या धुक्यात पंधरा जण कोंबलेले, सगळे खोकणारे. जाता जाता निमोनिया लागन तिले. सिस्टरनं काय सांगितलं होतं? सहा. आपले नऊ आहेत. तू दोरी पाहा ना."

"दोरी नका सांगू मले."

"मंग काय सांगू? दोरी काय खोटं बोलते?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, "बरं."

त्याला वाटलं, समजली.

*

झालं ते:

धुक्याच्या पहिल्या दिवशी शामकलाने पडवीत पाय पसरले, पायांवर थोरलीला उताणी घातली, तेल लावलं, आणि लंगोटासाठी लाल गठ्ठ्याकडे हात नेला. गठ्ठा संपलेला. दोरीवरचे लाल हाताला गार लागत होते, दाबले तर पाणी निघत होतं. शेजारीच हिरव्यांचा गठ्ठा, कोरडा, घडी घातलेला, कालपासून हात न लागलेला. धाकटी एवढ्याचं काय करते? शामकलाने वरचा उचलला आणि थोरलीला बांधला. वर दुपटं गुंडाळलं. थोरली दुपट्यातच आईकडे जायची, पिऊन दुपट्यातच परत यायची. एवढ्या थंडीत तिला उघडून कोण बघणार?

थोरलीने तो भिजवला. शामकलाने धुतला. धुतल्यावर कुठे टाकायचा? काठ हिरवा. हिरव्या दोरीवर टाकला. ओमेश्वरने सांगितलं होतं तसंच.

आत गोरसीजवळ मुन्नीबाई चमच्याने पाजत होती. अर्धं दूध गळ्याखाली वाहायचं. कापूस ओला लागायचा, ती तो बदलायची. हात ओला झाला की लेकरू ओलं झालं असं तिला वाटायचं. खाली हात घालून पाहिलं तर कोरडं. मग शामकलाने मालीशच्या वेळी बदललं असेल. शामकला धाकटीला मालीश करतच नव्हती, सिस्टरने सांगितलं होतं, हिला इतक्यात तेल नको. हे मुन्नीबाईला माहीत होतं. पण दुपारी ती न्हाणीकडे जाताना दोरीकडे बघायची. सात. आठ. दोरीवर लंगोट आहेत, म्हणजे कोणीतरी बदलतंय. आपल्या हातापेक्षा तिला दोरी खरी वाटली. ती तिच्या लेकाने लावलेली होती, आणि तिचा लेक दिवसाला हजार पोती मोजायचा आणि एक चुकायचा नाही.

*

धुक्याच्या चौथ्या दिवशी मिलमध्ये लाइन गेली. मालकाने फोन लावून विचारलं, संध्याकाळपर्यंत येत नाही म्हणाले. हमाल पोत्यांवर आडवे झाले. ओमेश्वर सायकल काढून दुपारीच घरी आला.

पडवीत शामकला पाय पसरून बसलेली. तिच्या नडग्यांवर थोरली, तेलाने चमकत, मुठी आवळून बोंबलत. शामकला तिला लंगोट बांधत होती आणि तिच्याशी बोलत होती, "रड रड, आजी तुले पेढा देते. नाही देत. काय करशील?"

ओमेश्वर हसला. मग तो हसायचा थांबला.

"काकू. हे काय?"

"काय, काय?"

"हिरवा आहे ना हा."

"मंग?" शामकलाने गाठ मारली. "लाल कुठं वाळून राहिले, बाबू? हे गठ्ठ्यानं पडून होते. धाकटी कुठं एवढे वापरते?"

"कधीपासून?"

"धुकं पडलं तवापासून. काऊन? लंगोटावर का नाव लिवलं आहे?"

तो दोरीकडे वळला. हिरव्या काठांची रांग होती. त्याने मोजले नाहीत. चपला घालूनच आतल्या खोलीत गेला.

"माय. आज धाकटीचे किती बदलले?"

"शामकलानं बदलले असतीन."

"तू?"

"मी गळ्याखालचं बदललं ना. दूध सांडते ते. दोन-तीनदा."

"आणि खालचं?"

मुन्नीबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"दोरीवर तं होते ना, बाबू," ती म्हणाली.

त्याने कापूस बाजूला केला. लंगोट सोडला. लंगोट कोरडा होता. नुसता कोरडा नाही, गोरसीच्या धगीने इस्त्री केल्यासारखा गरम आणि कडक. घडीची रेघ तशीच. पोट आत गेलेलं. त्याने मांडीची कातडी दोन बोटांत धरली आणि सोडली. कातडी धरली तशीच उभी राहिली.

धाकटीने डोळे उघडले. त्याच्याकडे नाही, थोडं बाजूला, गोरसीकडे पाहिलं. तोंड उघडलं. रडायचं जसं करतात तसं सगळं केलं, फक्त आवाज नव्हता.

*

काळीपिवळीत त्यांना पुढची सीट दिली. ड्रायव्हर म्हणाला, "भैया, बच्ची को शाल के अंदर लो." मुन्नीबाईने पोटाशी धरलं होतं. धुक्यात पिवळे दिवे येत होते आणि जात होते. ती मधूनमधून त्याच्या कानाशी येऊन म्हणायची, "हालली पाहा." तो बघायचा. गाडी हालत होती.

निघताना सोनिका दारापर्यंत आली होती. एक हात टाक्यांवर, दुसऱ्या हातात झाकणाची डबी. डबीत दूध. तिने ती सासूच्या हातात दिली. तिने काही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. शामकलाचं आणि त्याचं सगळं बोलणं खिडकीशेजारीच झालं होतं.

*

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण वाईट बोलला नाही.

"लघवी शेवटची कधी केली?"

ओमेश्वरने मुन्नीबाईकडे पाहिलं.

"काल केली का? परवा? अंदाजे सांगा."

दिवसाला हजार पोती. या थप्पीत किती, त्या ट्रकमध्ये किती, बारीक किती, जाडा किती. मालक झोपेतून उठवून विचारायचा आणि तो सांगायचा.

"नाही माहीत," तो म्हणाला.

डोक्यावरची शीर शोधून सुई लावली. वरून सलाइनचे थेंब. हातापायाच्या शिरा सापडत नव्हत्या. नर्सने चिठ्ठी दिली, बाहेरच्या दुकानातून डायपर आणा, सगळ्यात लहान. सगळ्यात लहानही तिच्या काखेपर्यंत आला. त्याने डायपर आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता. पांढरा, काठ नसलेला.

नर्सने तो बांधायच्या आधी छोट्या काट्यावर ठेवला आणि तक्त्यावर काहीतरी लिहिलं. काही तासांनी सोडला, पुन्हा काट्यावर ठेवला, पुन्हा लिहिलं.

"हे काय करता, सिस्टर?"

"वजन. भरला की किती भरला ते कळतं. डोळ्याने नाही कळत यात."

त्याला काट्याचं कळत होतं. तो काच लावलेल्या दाराबाहेर उभा राहिला आणि काटा बघत राहिला. सकाळी ठेवला, तेवढाच. दुपारी ठेवला, तेवढाच. एकदा मुन्नीबाई म्हणाली, "आता पाहा, आता हालला." नर्सच्या कोपराचा धक्का लागला होता. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. नवा बांधायचं नर्सने बंद केलं, तोच पुन्हा बांधू लागली. कोराच होता तो.

डॉक्टरने मूत्रपिंड हा शब्द वापरला. मग हिंदीत सांगितलं. मग नुसती मान हलवली.

बाकीच्या आया बाहेरच्या ओसरीत बसलेल्या. कोणाचं बाळ काविळीचं, कोणाचं सातव्या महिन्यात झालेलं. एकजण मुन्नीबाईला म्हणाली, "तुमची रडत नाही का हो? किती शांत." मुन्नीबाईने पदर तोंडात घातला.

धाकटी तिसऱ्या सकाळी गेली. नर्सने तक्ता खिळ्यावरून काढला. डायपर काढून दिला. ओमेश्वरने तो घेतला आणि किती तरी वेळ त्याला तो कुठे टाकावा ते कळलं नाही.

*

उशाखालचं तिसरं लुगडं सोनिकाने स्वतः दिलं. फाडू दिलं नाही. एवढंसं लेकरू आणि नऊवारी लुगडं, मनीरामने गुंडाळत गुंडाळत नेलं. वावराच्या धुऱ्याला, बांधावरच्या पळसाखाली. लहान लेकरांना जाळत नाहीत. धुकं उठलं होतं. कडक ऊन पडलं होतं, चार तासांत दोरीवरचं सगळं वाळलं असतं.

शामकला दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, न्हाणीपाशी बसली आणि बालटीतले लंगोट धुवायला लागली. मुन्नीबाईने तिला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. दोघींचं बोलणं झालं ते एवढंच:

"बाई, मले कोणी सांगितलं असतं तं..."

"सांगितलं होतं, शामकला. तुले बी, मले बी."

"मी का चोरून नेले होते? घरच्या घरी तं..."

"धू."

शामकलाने धुतले. धुऊन हातात धरून उभी राहिली. कोणता कुठे टाकायचा ते तिला कळेना. मग तिने सगळे जवळच्या दोरीवर टाकले. लाल, हिरवे, लाल, हिरवे. आता सगळे थोरलीचेच होते.

ओमेश्वर मिलमध्ये गेला. दुधरामने पाण्याचा लोटा आणून दिला. दुपारी त्याने थप्पीवरून एक हिरव्या सुतळीचं पोतं ओढलं आणि सुऱ्याने टाके कापले. मूठ आत घातली. मग दुसरं कापलं. मग तिसरं.

"अरे पागल हो गया क्या?" मालक ओरडत आला. "पोतं काऊन उघडलं?"

"पाहत होतो."

"क्या देख रहा था?"

बारीकच होता. तिन्हींत बारीकच होता. त्याने हात झटकला, सुई आणि हिरवी सुतळी मागितली आणि तिन्ही पोती पुन्हा शिवली. मालकाने सांगितलं, सुट्टी घे दोन दिवस. त्याने घेतली नाही. पण मोजायला उभा राहिला की लाभ म्हणायचा आणि थांबायचा. दुधराम पाठीवर पोतं घेऊन उभा राहायचा, वाकलेला, आणि खालून हळूच सांगायचा, "दोन, भाऊ. दोन."

संध्याकाळी तो घरी आला. सायकल लावली. दोरीपाशी गेला नाही, पण दार तिकडूनच होतं. खिडकीत सोनिका बसलेली, मांडीवर थोरली. ताप उतरला होता, आवाज साफ झाला होता.

"किती?" ती म्हणाली.

सवयीने विचारलं, की टोचून विचारलं, की थोरलीचे विचारले, हे तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. काठ वाऱ्यावर हलत होते. दिवस बुडायला आला होता, मुन्नीबाई ओचा धरून बाहेर आली आणि एकेक लंगोट काढायला लागली, आणि तो दोरी रिकामी होईपर्यंत तसाच उभा राहिला.

"वाळले का?" सोनिकाने विचारलं.

"वाळले."

गोंदियाला सिझर झालं तेव्हा आधी बाहेर आली ती थोरली, पण आधी रडली ती धाकटी.